अळणी ताट

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं माझी सासू म्हणते. तसं असतं तर गोरख त्या उन्हाळ्यातच संपला असता, कारण दिवसातून पन्नास वेळा मी त्याच्या नावाने ओरडत होते. गोरख, पाणी जपून पी. गोरख, माठावर झाकण ठेव. गोरख, आत्ताच तर तांब्या रिकामा केलास. सासू ओट्यावर बसून ऐकायची आणि तोंड फिरवायची. चैती तिचं नाव, सत्तरी ओलांडलेली बाई. तिला माझं ओरडणं आवडत नव्हतं. मला स्वतःलाही आवडत नव्हतं, पण तोंड थांबत नव्हतं.

आमचा पाडा खोडाळ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून वर चढून. एप्रिल लागला की पाड्यातली विहीर तळ दाखवते आणि खाली ओहोळाच्या विहिरीवर जावं लागतं. उतरायला वीस मिनिटं, भरला हंडा डोक्यावर घेऊन चढायला चाळीस, आणि मध्ये नंबरावरून जेवढी भांडणं होतील तेवढा वेळ. आम्ही घरात तिघं. चार खेपांत भागायचं. गोरखच्या गोळ्या सुरू झाल्यापासून सहा खेपा लागायला लागल्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

गोळ्या कशाच्या ते सांगते. गोरख जीप चालवतो, मोखाडा ते खोडाळा. दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी अकरा माणसं भरून तो मोखाड्याहून निघाला आणि खोडाळ्याला थांबलाच नाही. त्याआधी आठवडाभर तो झोपला नव्हता. भेटेल त्याला सांगत होता की मी दहा जीपा घेणार, पाड्यापाड्याला रस्ता नेणार, सगळ्यांना फुकट फिरवणार. मागची माणसं ओरडत होती आणि हा गाणी म्हणत थेट कसाऱ्यापर्यंत गेला. डिझेल संपलं म्हणून जीप थांबली. कोणाला खरचटलंही नाही, पण वर्ष-दीड वर्ष त्याच्या जीपमध्ये कोणी बसलं नाही. मग तो उलटा झाला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. जेवलास का विचारलं तरी रडायचा.

मी तेव्हा माहेरी दाभोशाला निघून गेले होते. लपवत नाही. परत आले ती एका अटीवर: जव्हारला डॉक्टरला दाखवायचं आणि ते देतील ती गोळी खायची. तू गोळी सोडलीस की मी घर सोडलं, असं मी सासूसमोर सांगितलं. तो बरं म्हणाला. आणि खरंच त्याने एक दिवसही गोळी चुकवली नाही. पाड्यातल्या लोकांना वाटत राहिलं की भगताने उतरवलं. आम्ही काही बोललो नाही.

जव्हारच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातल्या ठरल्या दिवशी डोक्याच्या डॉक्टर बाई येतात. दोन-तीन गोळ्या बदलून पाहिल्यावर गेल्या पावसाळ्यात त्यांनी लिथियम सुरू केली. ही गोळी रक्त तपासून द्यावी लागते आणि ते रक्त नाशिकला जातं. बाईंनी मला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. हात थरथरतील, तहान लागेल, लघवी जास्त होईल, पाणी कमी पडू द्यायचं नाही. मी मान डोलावत होते. मी अंगणवाडीत मदतनीस आहे, प्रशिक्षणांना जाऊन जाऊन मान डोलावण्याची मला सवय झाली आहे. बाई मिठाबद्दलही काही बोलल्या. मीठ हा शब्द कानावर आला आणि पुढचं वाक्य मी मनातच पुरं केलं, कारण मिठाबद्दल सरकारी माणूस एकच सांगतो, कमी खा. आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवरही तेच रंगवलेलं आहे.

गोळी लागू पडली. पावसाळा सरला, नागली कापून झाली, लोक परत जीपमध्ये बसायला लागले. गोरख झोपायचा, उठायचा, हसण्यासारखं असेल तिथे हसायचा. पण आगीतून फुफाट्यात म्हणावं तसं दुसरंच चालू झालं. चहाची बशी त्याच्या हातात वाजायची. जेवताना म्हणायचा की सगळ्याला लोखंडाची चव लागते, पाना चाटल्यासारखी. मी म्हणायचे, पाना हातात धरून जेवलास तर दुसरं काय होणार. आणि मोखाडा ते खोडाळा एवढ्याशा रस्त्यात तो लघवीला चारदा जीप थांबवायचा. चंदू म्हणून त्याचा चुलतभाऊ आहे, त्याचीही जीप त्याच रस्त्याला. त्याने या थांब्यांना नंबर दिले. प्रवासी म्हणायचे, मला गोरखच्या तिसऱ्या नंबराला सोड. गोरखही हसायचा. घरी आला की मात्र गप्प बसायचा आणि पाणी प्यायचा.

तहान आणि लघवी, म्हणजे साखर झाली असणार, असं लोकांनीच ठरवून टाकलं. बायका मला विहिरीवर विचारायच्या, जांभळाच्या बिया वाटून देते का, कारलं देते का. मी हो म्हणायचे. साखर झाली म्हणायला लाज वाटत नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी पाचव्या खेपेला विहिरीवर गेले. काळी नावाची आमच्या पाड्यातली म्हातारी आहे, तिच्या तोंडाला कोणी लागत नाही. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "रंजना, घरात म्हशी पाळल्यात का गं तुम्ही?" बायका हसल्या. मीही हसले. चढणीवर माझा पाय सरकला, हंडा सांभाळला पण गुडघा फुटला. घरी आले तर गोरख जेवून उठला होता. सुकटीची चटणी आणि भाकरी खाऊन तो उभ्या उभ्या तिसरा तांब्या घशात ओतत होता. गुडघ्यातून रक्त येत होतं आणि मी त्याच्या घशाची घाटी वरखाली होताना बघत राहिले. मला त्याचा इतका राग आला की हातातला हंडा खाली ठेवायचा राहून गेला.

त्याच क्षणी मला शहाणपण सुचलं. सुकट खाल्ली की कोणालाही तहान लागते. मीठ बंद केलं तर तहान बंद. सुंठीवाचून खोकला जाईल. त्याला तसंही सगळं लोखंडच लागतं, त्याला काय कळणार? आणि सांगितलं असतं तर हो-ना करत बसला असता, म्हणून सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून भाजी, आमटी, भाकरीचं पीठ, सगळ्यातलं त्याच्या वाट्याचं आधी वेगळं काढायचं आणि मग बाकीच्यात मीठ घालायचं. सुकट बंद, पापड बंद, कैरीचं लोणचं फडताळात वर. मिरची आणि चिंच थोडी जास्त. पहिल्या दिवशी तो जेवायला बसला तेव्हा मी चुलीपाशी पाठ करून उभी होते. एक घास खाऊन तो थांबल्यासारखं वाटलं. मग पुढे जेवला. सासूने त्याच्या ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता उठून गेली.

आणि जमलं की. चार दिवसांत त्याचं पाणी कमी झालं. आठ तांब्यांचे पाच झाले, पाचाचे चार. पाच खेपांत भागायला लागलं. मी स्वतःवर अशी खूश होते की अंगणवाडीच्या ताईंना सांगणार होते. बाहेर कातळ तापलेला, लग्नसराईमुळे गोरख दिवसभर जीपमध्ये घाम गाळत होता, संध्याकाळी शर्टावर पांढरे पट्टे उमटलेले असायचे. ते मी धुवायचे. ते पट्टे मिठाचे आहेत हेही मला माहीत होतं, तरी डोक्यात उजेड पडला नाही.

आठव्या-नवव्या दिवशी हातांची थरथर वाढली. आधी बशी वाजायची, आता घास तोंडापर्यंत पोचायच्या आत सांडायला लागला. त्याला मळमळायचं. पोट बिघडलं. मी म्हटलं, लग्नातलं कुठलं शिळं खाल्लं असशील. चालताना तो पाय लांब लांब टाकायचा. मग बाराव्या दिवशी चंदूने त्याला हाताला धरून घरी आणलं. वळणावर जीपचं चाक चरीत गेलं होतं. मागे लग्नाचं वऱ्हाड होतं, कोणाला लागलं नाही. चंदू माझ्याकडे न बघता म्हणाला की लोक म्हणतात, गोरख पिऊन होता.

मी अंगणातच त्याला गाठलं. किती ढोसलीस, विचारलं.

"एक थेंब नाय, रंजना," तो म्हणाला. पण जीभ जड होती, शब्द एकमेकांत अडकत होते. मी त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. वास नव्हता. तरी मी विश्वास ठेवला नाही. मी म्हणाले की लग्नात काय तुला ताक पाजलं, आणि वास मारायला कुठला पाला चघळलास ते सांग. एकदा कसाऱ्याला नेऊन सगळ्यांची शोभा केलीस, आता चरीत नेलीस. गोळीचा शब्द दिला होतास, दारूचा कोणी घ्यायचा? असं बरंच बोलले. शेजारी ऐकत होते. तो खाली बसला आणि डोकं हातात धरून एवढंच म्हणत राहिला, गोळी घेतो ना मी, गोळी घेतो ना.

सकाळी त्याला उभं राहवेना. सासू म्हणाली की त्या गोळ्यांनीच माझ्या पोराचं वाटोळं केलं, फेक त्या, भगताला बोलाव. मी तिच्यावर डाफरले. या गोळ्यांवरच हे घर उभं आहे, गोळी चुकणार नाही, म्हटलं. आणि सकाळची गोळी मी स्वतः त्याच्या तोंडात घातली. ती त्याने ओकली. मी दुसरी घातली. त्याने लहान पोरासारखं तोंड उघडलं आणि गिळली. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

दुपारी त्याच्या पायांना झटके यायला लागले आणि तो मला आई म्हणून हाक मारायला लागला. तेव्हा माझा सगळा राग एकदम गळून पडला आणि नुसती भीती राहिली. चंदूने जीप काढली. जव्हारपर्यंतचा रस्ता मी धड बसून काढला नाही. गुडघ्यांवर उभी राहून त्याचं डोकं धरत होते, परत बसत होते, परत उठत होते. चंदू आरशातून बघत म्हणाला, वहिनी, एका जागी बस. मला बसवत नव्हतं.

त्या दिवशी डोक्याच्या डॉक्टर बाईंचा वार नव्हता. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, त्याने गोळीचं नाव वाचलं आणि लगेच बाईंना फोन लावला. बोलून झाल्यावर फोन माझ्या हातात दिला. बाईंनी एकेक विचारलं. गोळ्या चुकून जास्त गेल्या का? नाही. अंगदुखीची, गुडघेदुखीची दुसरी कुठली गोळी? नाही. पाणी कमी पितो का? मी थोडी अभिमानानेच हो म्हणाले, आधीपेक्षा कमी पितो. त्या म्हणाल्या, जेवणात काही बदल?

"नाही मॅडम. फक्त मीठ बंद केलं होतं."

मग त्यांनी विचारलं, कधीपासून. तेरा दिवस, मी म्हणाले. त्यांनी मला सोपं करून सांगितलं. अंगाला मीठ मिळालं नाही आणि पाणीही कमी पडलं की अंग ही गोळीच धरून ठेवतं, बाहेर सोडत नाही. रोज दिलेली गोळी आत साठत जाते आणि तिचं विष होतं. म्हणून मीठ नेहमीइतकंच, कमीही नाही, जास्तही नाही. "मी सांगितलं होतं, ताई," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नाशिकहून रात्री उशिरा रक्ताचा आकडा आला. एकच्या आत हवा तो दोनच्या वर होता. उद्यापर्यंत उतरला नाही तर नाशिकला हलवावं लागेल, म्हणाले. गोरखच्या हाताला सलाईन लावलं. मी तरुण डॉक्टरला विचारलं, यात काय असतं. तो म्हणाला, मीठ आणि पाणी. मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिले. तेरा दिवस वाचवलेलं मीठ बाटलीतून थेंबथेंब जात होतं आणि ते मी बाहेरून मोजू शकत नव्हते. चंदूने चहा आणला, तो हातातच गार झाला.

आकडा उतरला. नाशिकला न्यावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी गोरख उशीला टेकून बसला, जीभ सरळ झाली होती. मी ठरवून ठेवलं होतं की विचारायच्या आत सांगून टाकायचं. म्हटलं, गोरख, तुला मी तेरा दिवस मीठ घातलं नाही, त्यानेच झालं हे.

"ठाऊक हाय," तो म्हणाला.

मला वाटलं, डॉक्टरने सांगितलं असेल. पण तो म्हणाला की पहिल्याच घासाला कळलं होतं. लोखंडाची चव वेगळी आणि अळणी वेगळं. मग बोलला का नाहीस, मी विचारलं.

तेव्हा त्याने सांगितलं ते मला स्वतःलाच सुचायला हवं होतं. आमच्या सासरच्या घरात रीत आहे. घरातल्या माणसाला बरं वाटावं म्हणून बाई नवस धरते तेव्हा ती अळणी खाते आणि ज्याच्यासाठी धरला त्याचंही ताट अळणी वाढते. त्यावर कोणी काही विचारायचं नाही. विचारलं की नवस मोडतो. सासूने त्याच्या बापासाठी एकदा महिनाभर धरला होता. म्हणून तर ती ताटाकडे बघून मुकाट्याने उठून गेली होती. मायलेकांनी दोघांनीही मला सांभाळलं होतं.

"मला वाटला, तू माझे हात थांबावे म्हणून धरला असंल," गोरख म्हणाला. "आणि तुझा गुडघा फुटलेला पाहिला होता. मग पाणी पण कमी करून टाकला. तू एवढा करतंस तर आपण एवढा तरी करावा." त्याने थांबून माझ्याकडे पाहिलं. "तू पण अळणीच खात होतीस ना?"

खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. चांगली वेळ होती, तो आजारी होता, त्याला बरं वाटलं असतं.

"नाय," मी म्हणाले. "मी मिठाचंच खात होते. नवस नव्हता, गोरख. मला पाण्याच्या खेपांचा कंटाळा आला होता."

त्याने छताकडे पाहिलं. मग हसायला लागला, असा की सलाईनची नळी हलायला लागली आणि नर्स बघायला आली. मी रडत होते. मला त्याच्या हसण्याचा राग आला आणि रागावण्याचा हक्क नव्हता, म्हणून आणखी रडू आलं. त्याने थरथरत्या हाताने माझी वेणी ओढली. तेवढंच.

घरी पाठवताना बाईंनी फोनवर सांगितलं की दहा दिवस गोळी पूर्ण बंद. मग पुन्हा रक्त तपासायचं आणि कमी गोळीने पुन्हा सुरू. तोवर जीप चालवायची नाही आणि त्याच्यावर लक्ष ठेवायचं. लक्ष ठेवायचं म्हणजे काय, ते मला सांगावं लागणार नव्हतं.

ते दहा दिवस मी कधी विसरणार नाही, कारण ते फार चांगले होते. चौथ्या दिवशी बशी वाजायची बंद झाली. पाचव्या दिवशी नागलीची भाकरी आणि सुकट खाताना तो मध्येच थांबला आणि म्हणाला की चव आली. त्याने सावकाश, डोळे मिटून खाल्लं. सासू त्याला बघून रडली. पाणी तो माणसासारखं प्यायला लागला, चार खेपांत भागायला लागलं. मी विहिरीवरून लवकर येऊन चक्क ओट्यावर टेकले. काळी म्हातारीने विचारलं, साखर उतरली का? मी हो म्हणाले.

पण मला टेकवत नव्हतं. मी त्याचं सगळं मोजत होते. किती तास झोपला, किती जोरात हसला, बोलताना एका गोष्टीवरून दुसऱ्या गोष्टीवर किती पटकन गेला. त्याने कुडाची भिंत सारवायला घेतली तर मी धसकायचे, सारवता सारवता थांबला तरी धसकायचे. तो पाय हलवत बसला की मी भाजी चिरता चिरता त्याच्या पायाकडे बघत राहायचे. एकदा त्याने वैतागून विचारलं, माझ्या अंगावर साप दिसतोय का तुला.

आठव्या दिवशी तो पहाटेच उठला आणि जीप धुवायला घेतली. आमच्याकडे जीप धुवायला पाणी नसतं मे महिन्यात. त्याने ओल्या फडक्याने सगळी पुसली, टायरसुद्धा. चंदूला सांगत होता की सीटांना नवीन कव्हरं घालू, वर पत्र्यावर नाव लिहून घेऊ, बाजाराच्या दिवशी चार फेऱ्या करू. यात वेडं काही नव्हतं. जीपवाल्याने असं बोलावंच. पण मी दारात उभी राहून तो जीपा किती म्हणतोय ते ऐकत होते.

नवव्या दिवशी जव्हारला रक्त दिलं, दहाव्या दिवशी बाई भेटल्या. आकडा उतरला होता. त्यांनी कमी ताकदीची गोळी लिहून दिली. या वेळी मी प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवलं, मीठ नेहमीइतकंच, पाणी तहान लागेल तेवढं, उलट्या-जुलाब झाले की लगेच यायचं. त्यांनी मान डोलावली. तहान पुन्हा लागेल का, मी विचारलं. लागेल, त्या म्हणाल्या, कदाचित थोडी कमी. हात? हातही थोडे.

घरी आल्यावर गोरख ओट्यावर बसला. सासू आत होती. मी गोळ्यांची पट्टी त्याच्यासमोर ठेवली आणि माठातून तांब्या भरून आणला. त्याने पट्टी उचलली, पालथी केली, परत ठेवली. हात अगदी स्थिर होते. तो म्हणाला की दहा दिवस बेस गेले, नाय का. मी म्हटलं, गेले. तो म्हणाला की चव आहे, झोप आहे, जीप नीट धरता येईल. डोकं शांत आहे. कदाचित ते गेलंच असेल. मग त्याने माझ्याकडे सरळ बघून विचारलं.

"सोडू का, रंजना? तू सांग. तू म्हणशील तसा."

मला लगेच नाही म्हणायचं होतं. अट माझीच होती, दाभोशाहून परत येताना मीच घातलेली. पण मला त्या दोन जादा खेपा दिसल्या, ती चढण दिसली. माझ्या हाताने तोंडात घातलेली ती दुसरी गोळी दिसली. डोळे मिटून भाकरी खाणारा गोरखही दिसला. आणि माझ्या तोंडातून काहीच आलं नाही. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. चार श्वास असतील, दहा असतील.

तो माझ्याकडे बघत होता आणि त्याला सगळं दिसलं. मला कळलं की त्याला दिसलं.

मी कशीबशी म्हणाले, "नको सोडू." पण तोवर त्याने पट्टीतून गोळी काढून जिभेवर ठेवली होती. दोन घोट पाणी घेऊन त्याने ती गिळली आणि तांब्या खाली ठेवला. अर्ध्याहून जास्त पाणी शिल्लक होतं. हंड्याकडे एकदा बघून त्याने ओठ पुसले.

"संपव," मी म्हणाले.

"बस झाला," तो म्हणाला.

"संपव, गोरख."

त्याने तांब्या उचलून तोंडाला लावला आणि संपवला. मी तो त्याच्या हातातून घेतला, आत गेले, आणि पुन्हा काठोकाठ भरून आणला.